वांग्यांत उगवलेला भात

धोदाणी रस्ता, पनवेल
१८ मे २०२५

आई,

"माझी पोरगी खुर्चीवर बसून कमवंल, आन् ती खुर्ची फिरती असंल." वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, गोण्यांच्या थप्पीला पाठ लावून तू हे राहीबाईला सांगितलं होतंस. मी सातवीत होते आणि तुझा डबा घेऊन आले होते. राहीबाई म्हणाली, "फिरती कशाला गं? चक्कर यायची पोरीला." तू हसली नाहीस. हातातला नासका कांदा बाजूला फेकलास आणि पुढचा उचललास.

ती खुर्ची मला मिळाली. बेलापूरच्या विमा ऑफिसात मी तिच्यावर वीसेक वर्षं बसले. या फेब्रुवारीत वर्षाची बिनपगारी रजा घेतली, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. कोपरखैरण्याचं आपलं घर सोडून कामोठ्याला धाकट्या विशूकडे गेलीस. माझा "हॅलो" ऐकला की फोन ठेवतेस. "रजा संपवून कामावर जा, मग उचलीन," हा तुझा निरोप विशूने इतक्यांदा पोचवलाय की आता तो नुसता "तेच, ताई" एवढंच म्हणतो.

म्हणून पत्र लिहितेय. भेळेचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

तर ऐक, म्हणजे वाच. जमीन मालतीबाईंची आहे. त्या तळवलीच्या, मूळ गावच्या. त्यांची भाताची शेती शहराखाली गेली तेव्हा आलेल्या पैशातून त्यांच्या यजमानांनी हा डोंगराच्या पायथ्याचा दीड एकराचा तुकडा घेतला होता. पोरांना त्यात रस नाही. मालतीबाईंनी तो मला एका वर्षासाठी करायला दिलाय. दर रविवारी सुके बोंबील घेऊन बघायला येतात आणि मी काय काय चुकवलं ते मोठ्याने सांगतात.

आणि मला शिकवते दीक्षा. तुमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे राहते. आईवडील नांदेडकडचे, पोरगी शेतकी शिकलेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्या पर्माकल्चरच्या वर्गात मी रीतसर फी भरून बसले. हा शब्द अवघड वाटला तरी गोष्ट साधी आहे. जमीन रानासारखी ठेवायची. तिला उघडी टाकायची नाही, उगाच उकरायची नाही, तिच्यातून निघेल ते तिच्यातच जिरवायचं, आणि उतारावरून पाणी पळू द्यायचं नाही.

पाणी अडवायला आम्ही चर खणले. आई, मला हे तुला सांगायचंच होतं. तीन बांबू बांधून एक चौकट करायची, मधून दोरी सोडायची, दोरीला दगड. दगड बरोबर खुणेवर स्थिरावला की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत. मग ती चौकट माणसासारखी चालवत न्यायची, एक पाय इथे, दुसरा तिथे, आणि प्रत्येक पायाशी चुन्याची फक्की टाकायची. मागे वळून बघितलं तर उतारावर पांढरी नागमोडी रेघ. त्या रेघेवर खणायचं. एप्रिलचं ऊन होतं, पण मला थांबावंसं वाटेना. दीक्षा म्हणते, "ताई, पाणी घाईत असतं. आपण त्याला जरा बस म्हणायचं." माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, आता तिथे कातडं जाड झालंय. मी सारखी त्यावरून अंगठा फिरवते.

काल तर मजाच झाली. वाफ्यांवर अंथरायला वाळलेलं गवत हवं होतं. मला अण्णांच्या माथाडी टोळीतले ज्योतिबाकाका आठवले. फळ मार्केटात हापूसच्या पेट्या रिकाम्या होतात, त्यातला पेंढा ढिगाने पडून असतो. फोन केला.

"काका, पेटीतला पेंढा मिळेल का?"

"किती पायजे?"

"टेम्पोभर."

"म्हशी घेतल्यास का काय?"

"नाही, जमिनीवर पांघरायचाय."

"मे महिन्यात? जमिनीला थंडी वाजतीय व्हय?"

पण पाठवला. हौसेरावच्या पोरीचं काम आहे म्हणून चार माथाड्यांनी स्वतः भरून दिला. अख्ख्या शेताला आंब्याचा वास सुटलाय. वांग्यांचे, भेंडीचे सगळे वाफे मी हातभर झाकून टाकले.

राहायला पक्की खोली आहे. दार आहे, कडी आहे. संडास आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
राजी


३० जून २०२५

आई,

तुझ्या सुनेने, नमिताने, सांगितलं, तू पत्र वाचलंस. "संडास आहे" इथे थांबलीस आणि तिला विचारलंस, "कसला?"

दोन शब्दांत मी ते उरकलं होतं, आणि तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस.

तर सांगते. पाण्याचा नाही. कोरडा आहे. वर बसायला लाकडी पेटी, खाली ड्रम, आणि शेजारी डब्यात लाकडाचा भुसा. पाण्याऐवजी भुसा टाकायचा. ड्रम भरला की झाकून वर्षभर ठेवायचा. त्याची माती होते, ती झाडांना घालायची, भाजीला नाही. आई, मला माहीत आहे. मस्जिद बंदरच्या खोलीत असताना तू पहाटे डबा घेऊन रांगेत उभी राहायचीस, मी तुझ्या पदराला धरून. कोपरखैरण्याची चाळ बघायला गेलो तेव्हा तू खोली बघितलीच नाहीस, आधी संडासाचं दार उघडून साखळी ओढलीस, आणि पाणी आल्यावर अण्णांना म्हणालीस, "घ्या." त्या बाईची मुलगी आज भुश्याचा डबा घेऊन बसते, हे तुला कसं वाटेल ते मी समजू शकते. तरी सांगते, वास येत नाही. खरंच येत नाही.

खोलीचं छप्परही एका कोपऱ्यात गळतं. तिथे पातेलं ठेवलंय.

नमिताने आणखी एक सांगितलं, त्याचा मला अर्थ लागत नाही. म्हणाली, "ताई, संडासाचं त्यांनी विचारलं, हसल्यासुद्धा थोडं. पण मग परत पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि ते चर खणायचं आहे ना, तिथे आल्यावर पत्र घडी करून ठेवलं. म्हणाल्या, भूक नाही. जेवल्या नाहीत." चरांमध्ये तुला काय लागलं, आई? मला वाटलं होतं, फोड आले ते वाचून तू "चांगलं झालं" म्हणशील.

आता माझी फजिती ऐक. पाऊस सुरू झाल्यावर मी पंधराएक दिवस कोपरखैरण्याला अडकले होते, दार फुगलं होतं ते सुताराकडून तासून घ्यायला. परत आले तर वांग्यांचे वाफे हिरवेगार. इतके हिरवे की मी फाटकातच उभी राहिले. वाटलं, काय पिकवलंय मी. जवळ गेले तर वांगी दिसेनात. गवत. दाट, पोपटी, वीतभर उंच, एकसारखं.

रविवारी मालतीबाई आल्या. छत्री बाजूला टाकून वाफ्यात वाकल्या, एक काडी उपटली, मुळाशी चिकटलेलं टरफल नखाने सोललं आणि तिथेच चिखलात बसून हसायला लागल्या.

"अगो राजेश्वरी, ह्यो भात हाय. वांग्यांत भात पेरलास?"

पेटीतला पेंढा. कोकणातल्या कुणाकुणाच्या घरी भात हाताने झोडलेला असणार, थोड्या लोंब्या राहून गेलेल्या असणार. तो पेंढा आंब्याखाली बसून रत्नागिरीहून, देवगडहून, कुठून कुठून वाशीला आला, आणि मी तो प्रेमाने अंथरून, वर झारीने पाणी शिंपडून, उगवायला घातला.

ज्योतिबाकाकांना फोन केला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तरी म्हनलं, पांघरूण कशाला घालतीय."

दीक्षाला फोटो पाठवला. मला वाटलं ती रागवेल, कारण तिने शिकवलं होतं की पेंढा आधी भिजवून, उगवेल ते उगवून मग पसरायचा. मी तो धडा लिहूनही घेतला होता. तिचं उत्तर आलं: "ताई, उपटून टाकू नका. लावा."

लावायचा कुठे, ते ठरतंय.

राजी


२० जुलै २०२५

आई,

भात लावला. मी लावला, आई. वांग्यांतून एकेक रोप काढून, मूठमूठ बांधून, पाऊस अंगावर घेत.

सगळ्यात खालच्या चराच्या पलीकडे एक सखल पट्टा आहे. तिथे केळी लावायचा विचार होता. मालतीबाई म्हणाल्या, "केळी मरूं दे. हितं पानी बसतंय. हा भाताचा खाचरच हाय, तुला दिसत नाय एवढंच." त्यांनी मला चिखल करायला लावला. बैल नाही, यंत्र नाही, आम्ही दोघीच पायांनी तुडवत होतो. दीक्षा तिच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन आली. त्यातला एक कंप्यूटरवाला सानपाड्याहून पांढरे बूट घालून आला होता. मालतीबाई त्याला म्हणाल्या, "तू बांधावर रव, नायतर तुजी लावणी करावी लागंल." त्याने बूट काढले आणि संध्याकाळपर्यंत राबला.

मालतीबाई लावताना बोलत नव्हत्या. एरवी त्यांचं तोंड बंद नसतं. मी विचारलं, दमलात का. म्हणाल्या, "नाय गो. तळवलीचा शेत गेल्यापासून लावनी केली नव्हती. हात इसरलं नायत, ह्याचाच इचार करतंय." मग लगेच, "तुजी ओळ वाकरी हाय, सरल कर."

आणि चर. काय सांगू. मोठी सर आली की डोंगरावरून लाल पाणी धावत येतं, आणि पहिल्या चराशी येऊन थांबतं. थांबतं म्हणजे खरंच, दोन्ही बाजूंना पसरतं, काठोकाठ होतं, त्याचा रंग हळूहळू निवळतो. मग जास्तीचं सावकाश दुसऱ्या चरात उतरतं. मी छत्री घेऊन काठावर बसून राहते. मालतीबाईंच्या लेकाने एकदा गाडीतून काच खाली करून विचारलं, "मॅडम, काही पडलंय का पाण्यात?"

मी या वर्षात जेवढी हसले तेवढी आधीच्या दहा वर्षांत हसले नसेन. हे तुला आवडणार नाही. तरी लिहिलं.

राजी


७ सप्टेंबर २०२५

आई,

विशू येऊन गेला. त्याने तुला काय सांगितलं असेल याचा मी अंदाज करू शकते, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

रानडुकरांनी रताळ्यांचा पूर्ण वाफा नांगरल्यासारखा उलथून टाकला. वांगी भातासोबत उपटली गेली ती गेलीच. मिरचीवर बोकड्या पडून पानं आकसली. पपईची झाडं वाऱ्याने आडवी झाली. विशू आला तेव्हा मी डोक्याला टॉवेल गुंडाळून डुकरांचे खड्डे बुजवत होते, आणि त्याने मला आधी ओळखलंच नाही. "मावशी, राजेश्वरीताई कुठायत?" म्हणाला.

ओळखल्यावर त्याचा चेहरा पडला. आम्ही पायरीवर चहा घेतला.

"ताई, रिटायर झाल्यावर कर ना हे. टेन्शन काय आहे? दहा-बारा वर्षं राहिलीत."

"तेव्हा गुडघे चालतील का माझे?"

"मग माणसं ठेव. तू उभी राहून बघ."

"विशू, मला उभं राहून बघायचं नाहीये."

"आईला काय सांगू मग? ती रोज विचारते."

"काय विचारते?"

"विचारत नाही. पण तुझं पत्र टीव्हीच्या खालीच ठेवलंय. म्हणजे विचारतेच ना."

हा विशू बोलायला लागला की मला अण्णांचा भास होतो.

आता खरी गोष्ट. मालतीबाईंच्या पोरांना इथे बंगल्यांची स्कीम करणारा एक जण भेटलाय. मालतीबाई म्हणतात, जमीन माझ्या नावावर आहे, मी ठरवीन. त्यांनी मला दहा वर्षांच्या कराराने ती द्यायची तयारी दाखवली आहे. पण जानेवारीअखेर मी हो किंवा नाही म्हणायचं. "मना वर्साचा पाव्हना नको," असं त्या म्हणाल्या. "ऱ्हायचा असंल तर ऱ्हा, नायतर पोरांच्या तोंडी मी कवर लागू?"

माझी रजाही जानेवारीअखेरच संपते. ऑफिसातून साहेबांचा फोन आला होता, तुमची जागा ठेवली आहे, पण त्यापुढे ठेवता येणार नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येऊन उभ्या राहिल्यात. कामावर गेले तर तू फोन उचलशील. करार केला तर कधीच उचलणार नाहीस. तुझा शब्द मी ओळखते. राहीबाईशी भांडण झालं तर ती मरेपर्यंत तिच्या दारावरून गेली नाहीस.

मी अजून ठरवलेलं नाही. हे खरं आहे. काही दिवस सकाळी उठून मी बॅग भरते मनात. मग भात बघायला जाते. ऑगस्टात पाऊस बरेच दिवस गायब होता, शेजारची खाचरं भेगाळली, आणि आमचा पट्टा वरच्या चरातल्या झिरप्यावर ओला राहिला. आता तो कमरेएवढा झालाय. आणि कुठलंही रोप दुसऱ्यासारखं नाही. कुणाचं पान जांभळट, कुणाची काडी उंच, कुणी आत्ताच फुलोऱ्यात, कुणाला घाईच नाही. मालतीबाई दर रविवारी नवीन नाव सांगतात, आणि पुढच्या रविवारी स्वतःच खोडतात.

राजी


१६ नोव्हेंबर २०२५

आई,

तू आली होतीस.

मालतीबाईंना तू सांगितलंस, "तिला सांगू नका." मी वाशीहून भाज्यांचा पाला घेऊन परतले, तर चप्पल काढायच्या आधी त्यांनी सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तू त्यांच्याशी पाच मिनिटं बोलूनही ओळखायला हवं होतंस.

मी त्यांना तीनदा सगळं सांगायला लावलं. त्या भात कापत होत्या. आमचा भात एकदम पिकत नाही, प्रत्येक रोपाचं वेळापत्रक निराळं, म्हणून पिकलेली लोंबी बघून बघून विळ्याने घ्यावी लागते. तुला बघून त्यांना वाटलं, कुणी वाट चुकलं. तुझ्याबरोबर आलेली नमिता म्हणाली, "राजेश्वरीताईंच्या आई." मालतीबाईंनी विळा ठेवून हात पुसले.

आधी तू संडास बघितलास. दार उघडून उभी राहिलीस. मालतीबाई म्हणतात, तू चांगला लांब श्वास घेतलास, मग म्हणालीस, "वास न्हाय." आणि दार लावताना, "तरी पन."

हे ऐकून मी इतकी खूश झाले, की पुढचं ऐकायची माझी तयारीच नव्हती.

मग तू चर बघितलेस. वरून खालपर्यंत चालत गेलीस, तुझ्या गुडघ्यांनी, नमिताचा हात झिडकारून. मधल्या चराच्या काठावर खाली बसलीस. मालतीबाईंना विचारलंस, "ह्ये कुनी काढलं?"

"तुमच्या पोरीनं."

"बाया लावून?"

"नाय. स्वताच्या हातानं. उन्हाळ्यात."

पुढचं मालतीबाईंनी सांगितलं ते असं. तू मातीवर हात ठेवलास. मग म्हणालीस, दुष्काळात आमी ह्येच काढलं. मुकादम चुन्याची रेघ मारायचा, त्या रेघेवर बाया खणायच्या. माझं परकराचं वय. पायात काय न्हाय. उनानं तिरमिरी आली म्हनून बसलं, तर मुकादम त्या दिवसाचं नाव कापायचा. सांजच्याला सुकडी मिळायची, ती खाऊन पोट दुखायचं, तरी खायची. माझी धाकटी बहीण त्या डोंगरावरच गेली. आन् माझी पोर पैसं भरून ह्ये शिकायला गेली.

तुला एक बहीण होती हे मला ठाऊक नव्हतं, आई. तिचं नावही मालतीबाईंना तू सांगितलं नाहीस.

माहेरचा विषय निघाला की तू "काय ठेवलंय तिथं" म्हणून उठायचीस. मला वाटायचं, मामांशी काही बिनसलं असेल. आणि मी मे महिन्यात तुला चुन्याची रेघ, उतार, तळहातावरचे फोड, सगळं गोड करून लिहिलं. तू जेवली नाहीस.

मी त्या रात्री पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. काय लिहिणार होते? की माझे चर वेगळे? ते वेगळे आहेत, कारण मी दमले की सावलीत बसून आंबा खात होते, आणि कुणी माझं नाव कापत नव्हतं. एवढाच फरक आहे. माती तीच, खोली तीच, कुदळ तशीच.

मालतीबाईंनी तुला एक विचारलं, ते मी असते तर मला सुचलं नसतं. त्यांनी विचारलं, "मंग तुमच्या चरांत पानी थांबला का?"

तू म्हणालीस, "कुनाला ठावं. पावसाच्या तोंडावर लगीन लावलं माझं. मुंबईला आले. बघितलंच न्हाय."

त्या म्हणतात, हे बोलून तू उठलीस, साडी झटकलीस, आणि त्यांच्या विळ्याकडे बघून म्हणालीस, "धार गेलीय ह्याची." मग गाडीत जाऊन बसलीस.

मला तुझ्यावर राग नाही. तुलाही माझ्यावर राग नव्हता, हे मला इतक्या उशिरा कळतंय. तुला भीती वाटत होती.

राजी


२५ जानेवारी २०२६

आई,

मी राजीनामा दिला. परवा बेलापूरला जाऊन स्वतः दिला, मेलने नाही. साहेब म्हणाले, "एकदा घरी विचारून घ्या." मी म्हटलं, घरी माहीत आहे, आणि घरच्यांचा नकार आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

काल मालतीबाईंबरोबर करार झाला. दहा वर्षं. त्यांचे दोन्ही लेक आले होते, थोडे घुश्श्यात. धाकटा सारखा घड्याळ बघत होता. सही करताना मालतीबाईंनी विचारलं, "नक्की ना गो? मागनं रडशील?" मी म्हटलं, रडेन, पण इथेच रडेन. त्यांनी अंगठ्याने माझ्या गालावरचं काहीतरी पुसलं, बहुतेक शाई.

म्हणजे आता तू फोन उचलणार नाहीस. ते धरूनच मी सही केली. मला खोटं लिहायचं नाही, मी आनंदात आहे, आणि त्या आनंदाच्या मधोमध तू नाहीस. सकाळी चहा ठेवते तेव्हा दोन कप काढते आणि एक परत ठेवते. अण्णा गेल्यापासून इतकी वर्षं एका घरात राहिलो आपण दोघीच, हाताला सवय आहे.

या वर्षी काय काय करणार ते सांगायला बसले तर पान संपेल. चौथा चर काढायचाय, यंदा दीक्षाच्या नव्या वर्गाला घेऊन. खणणाऱ्यांना मी सावलीत बसवणार आहे, दर थोड्या वेळाने, त्यांची इच्छा असो नसो. रताळ्याला काटेरी कुंपण. मिरचीची जागा बदलायची. वेगवेगळ्या लोंब्यांचं भाताचं बी वेगवेगळ्या मडक्यांत ठेवलंय, कुठलं काय आहे ते अजून कुणालाच सांगता येत नाही, जूनमध्ये ओळीने लावून बघणार. ज्योतिबाकाकांनी विचारलंय, "यंदा पेंढा पाठवू का, का म्हशी घेतल्यास?"

हे सगळं एकीकडे. गेले दोन महिने माझ्या डोक्यात दुसरंच आहे.

मी तुझ्या माहेरच्या बाजूचा, दहिवडीचा नकाशा बघत असते. तुझं गाव त्यात छोट्या अक्षरांत आहे, आणि त्याच्या उत्तरेला डोंगर आहे. फोनवर वरून काढलेली चित्रं दिसतात, ती मोठी करून बघितली. डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा आहेत, आई. पुसट, एकाखाली एक. त्या तुमच्याच आहेत का, मला सांगता येत नाही. दीक्षा म्हणाली, "असू शकतं ताई, मातीच्या खुणा राहतात." पण तीही नांदेडची, तिला तो डोंगर काय माहीत. माहीत असणारी एकच बाई मला ओळखीची आहे.

तू त्या डोंगराकडे पाठ करून आलीस. तिथे तुझी बहीण आहे, मला तिचं नाव माहीत नाही. तुला परत न्यावं असं त्या गावाने तुझ्यासाठी काहीही केलेलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले नसते. आणि ज्या मुलीशी तू वर्षभर बोलली नाहीस, जिने तुझं न ऐकता काल सही केली, तिच्याबरोबर तर नाहीच. तुझं उत्तर मला ऐकूसुद्धा येतंय. विशू फोन करेल आणि नुसतं "नाही, ताई" एवढंच म्हणेल.

तरी विचारते. यंदा पावसाळ्यात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, आपण दोघींनीच जाऊ. स्वारगेटहून गाडी आहे. मुक्काम नको, कुणाच्या घरी जायला नको, माझ्याशी बोलायलाही नको. तू फक्त पुढे चाल आणि तुमची रेघ कुठून कुठवर होती ते मला दाखव. मला बघायचंय, तुमच्या चरांत पाणी आहे का. येशील?

राजी